हवामानाचं कार्यासन

खात्याचं नाव बदलायला किती वेळ लागतो, असं मंत्रालयात कोणाला विचारलंत तर उलट प्रश्न येतो: पाटीवरचं की कार्यनियमावलीतलं? पाटी बदलायला एक दुपार पुरते. कार्यनियमावली ही राज्यघटनेच्या १६६व्या अनुच्छेदाखाली राज्यपालांच्या नावाने निघालेली. कुठला विषय कुठल्या विभागाचा, हे तिच्या अनुसूचीत लिहिलेलं असतं. तिथे एक शब्द घालायचा तरी सामान्य प्रशासन विभागाला विचारावं लागतं, मंत्रिमंडळापुढे टिपणी जाते, मग अधिसूचना. एवढं झालं की शिक्के, लेटरहेड, ईमेलचे पत्ते.

जून २०२०मध्ये महाराष्ट्राच्या पर्यावरण विभागाचं असंच बारसं झालं. ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’. मंत्री आदित्य ठाकरे. त्याच महिन्याच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं होतं आणि श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या जमिनीवर झोपल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं मात्र कोणी समजू नये. मंत्रिमंडळाची टिपणी आठवड्यात पिकत नाही. पण वादळ ताजं असताना अशा टिपणीवर कोणी फारसे प्रश्न विचारत नाही, हेही तितकंच खरं.

हे सगळं मला ज्यांनी समजावून सांगितलं त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, राहायला नवीन पनवेलला. पनवेलमध्ये मंत्रालयाची एक अघोषित शाखाच आहे म्हणा ना! संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या पनवेल लोकलच्या एखाद्या डब्यात शिरा, कुर्ला येईपर्यंत तुम्हाला तीन विभागांच्या बदल्या कळतात. वाशीच्या खाडीवर गाडी आली की बोलणं फायलींवर येतं. पत्रकाराला पत्रकार परिषदेत जे मिळत नाही ते मानखुर्द ते सानपाडा या पट्ट्यात मिळतं. अण्णांचा तिथे कोपरा ठरलेला होता, आणि निवृत्तीनंतरही अधूनमधून, काही काम नसताना, ते त्या गाडीने येतात असा माझा संशय आहे.

नाव बदललं तेव्हा अण्णांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून सगळ्यात नेमका वाटतो. ते म्हणाले, “आकृतिबंध मंजूर झाला का?”

आकृतिबंध म्हणजे त्या कामासाठी किती पदं, कोणत्या वेतनश्रेणीची, कायम की कंत्राटी, प्रतिनियुक्तीवर कोण. त्याच्यामागोमाग लेखाशीर्ष: पैसा अर्थसंकल्पातल्या कोणत्या ओळीतून येणार. मंत्रालयात एखादी गोष्ट जन्माला आली की नाही हे या दोन गोष्टींवरून ओळखतात. नाव, बोधचिन्ह, उद्घाटन, यातलं काहीही त्याआधी होऊ शकतं. महाराष्ट्राच्या हवामान यंत्रणेचं नेमकं तसं झालं: नाव आधी, अभियान त्यानंतर, आणि त्या कामासाठी स्वतंत्र माणसं बसवलेला कक्ष सगळ्यात शेवटी.

खरं तर या कुंडलीचं पहिलं पान २००८चं. ३० जून २००८ला केंद्राने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आठ अभियानांचा. पुढच्या वर्षी राज्यांना सांगण्यात आलं की तुम्हीही तुमचा करा. महाराष्ट्राने ते काम दिल्लीच्या टेरी संस्थेला दिलं. ब्रिटनच्या हवामान खात्याचं प्रारूप वापरून राज्याचे पंचवीस किलोमीटरचे चौकोन पाडले गेले आणि २०३०, २०५० आणि २०७०च्या दशकांत प्रत्येक चौकोनात पाऊस किती, तापमान किती, याचे अंदाज काढले गेले. अहवाल २०१४मध्ये आला. मंत्रिमंडळाने त्यावर आधारलेला आराखडा मंजूर केला २०१७मध्ये. मधल्या काळात केंद्रात आणि राज्यात सरकारं बदलली, आणि अहवालात ‘भविष्यकाळ’ म्हणून दाखवलेला काळ तीन वर्षांनी जवळ आला.

तो अहवाल मी वाचला तेव्हा आमचं पनवेल शोधलं. पंचवीस किलोमीटरचा चौकोन म्हणजे केवढा, हे इथे राहणाऱ्याला लगेच कळतं. पनवेल ते माथेरान सरळ रेषेत धरलं तर वीस किलोमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे खाडीकाठचा कोळीवाडा, कर्नाळ्याचं जंगल आणि आठशे मीटर उंचीचं माथेरान हे सगळं एकाच चौकोनात बसू शकतं, आणि त्या सगळ्यांना मिळून पावसाचा एकच आकडा. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही, त्या वेळी उपलब्ध होतं ते प्रारूप त्यांनी वापरलं. पण गाढी नदीचं पाणी पटेल मोहल्ल्यात कधी शिरेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ते सांगायचं तर इथलं पर्जन्यमापक, इथली भरतीची वेळ आणि इथला नाला पाहावा लागतो, आणि तो नाला कोणाचा हे आधी ठरवावं लागतं.

अहवालात जिल्ह्यांची क्रमवारी होती, सर्वांत जोखमीचा जिल्हा नंदुरबार. अण्णांनी यावर एक मार्मिक गोष्ट सांगितली होती. कुठल्याही सरकारी अहवालातल्या वाईट यादीत आपला जिल्हा वर असावा, अशी इच्छा लोकप्रतिनिधींना होते, कारण वर असणं म्हणजे निधी. आणि कारखाने यायचे असतील त्या यादीत तोच जिल्हा खाली असावा असं वाटतं. एकाच माणसाच्या दोन पत्रांत हे दोन्ही वाचल्याचं ते शपथेवर सांगतात. नाव काही केल्या सांगत नाहीत.

२ ऑक्टोबर २०२०ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. त्याची मांडणी हुशारीची होती. कार्बन, उत्सर्जन, अनुकूलन असले शब्द नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला परके. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश हे मात्र आजीच्या तोंडचे. या पाच तत्त्वांवर गुण, गुणांवर क्रमांक, क्रमांकावर बक्षीस. पहिल्या वर्षी साडेसहाशेहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्था उतरल्या, पुढे हजारो ग्रामपंचायती आल्या. नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत महाराष्ट्राला ‘अंडर टू’ या राज्यांच्या आघाडीचा पुरस्कार मिळाला तो याच काळात.

या अभियानाची पडद्यामागची बाजू मजेदार आहे. गुण मिळतात ते कामाला नाही, कामाच्या पुराव्याला. झाड लावलं तर अक्षांश-रेखांशासह फोटो. विहीर साफ केली तर आधीचा आणि नंतरचा फोटो. एका छोट्या नगरपालिकेतला (रायगडातली नव्हे, एवढं सांगतो) आरोग्य निरीक्षक मला म्हणाला होता की मार्च महिन्यात त्यांचं अर्धं खातं फोटो चढवण्यात गुंतलेलं असतं, आणि सर्व्हर बंद पडला की सगळ्यांच्या जिवाची घालमेल. हसू येतं, पण मी या अभियानाची टिंगल करणार नाही. कारण त्यामुळे पहिल्यांदाच नगरपालिकेच्या सभेत कोणीतरी विचारलं, आपल्या गावात सौर दिवे किती, आपण किती कचरा जाळतो. प्रश्न विचारायची सवय लागली हा फायदाच. फक्त ती सवय मंत्रालयात वरच्या मजल्यापर्यंत चढली नाही. गुणांची स्पर्धा नगरपालिकांमध्ये. जलसंपदा, उद्योग, नगरविकास या विभागांना असे गुण द्यायची पद्धत अजून कोणी काढलेली नाही.

आता खारघर.

१६ एप्रिल २०२३, रविवार. महाराष्ट्र भूषण पुरस्कार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना, केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते, खारघरच्या कॉर्पोरेट पार्कच्या मोकळ्या मैदानावर. लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, त्यातले कित्येक आदल्या रात्रीपासून आलेले. मंचावर छत होतं, मैदानावर नव्हतं. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास. उष्माघाताने गेलेल्यांचा आकडा वाढत वाढत १४वर थांबला.

खारघर पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. इथल्या माणसाला त्या दिवशीची हवा सांगायला तापमापक लागत नव्हता. खाडीकडून येणारी दमट हवा, पाठीमागे खारघरच्या डोंगराचा तापलेला कातळ, घाम निथळतोय पण वाळत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, तो वाळलाच नाही तर ३८ अंशही जीव घेतात. म्हणून तर भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचा उंबरठा मैदानी भागासाठी ४०, किनाऱ्यासाठी ३७ अंश ठेवलाय. शास्त्र कागदावर होतं. अहमदाबादने २०१०च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर २०१३मध्ये उष्मा कृती आराखडा केला, आपल्याकडे नागपूरने २०१६मध्ये तो मार्ग धरला. दोन्ही शहरं कोरड्या उन्हाची. कोकणात उन्हाने माणूस दगावतो ही कल्पनाच यंत्रणेच्या डोक्यात नव्हती. आमच्याकडे उन्हाळ्याचं संकट म्हणजे पाणीटंचाई, आणि पावसाळ्याचं म्हणजे पूर, एवढीच विभागणी.

त्या आठवड्यात पनवेल लोकलमध्ये एरवी बोलणारे गप्प होते. मग कोणीतरी सरळ हिशोब मांडला, आणि तो मला कुठल्याही चौकशी अहवालापेक्षा मोलाचा वाटतो. कार्यक्रम कोणाचा? सांस्कृतिक कार्य विभागाचा. मैदान कोणाचं? सिडकोचं. पाणी आणि स्वच्छता? महापालिका. रुग्णवाहिका? सार्वजनिक आरोग्य. गर्दी आणि रस्ते? पोलीस. उष्णतेचा इशारा? केंद्राचा हवामान विभाग. इशारा खाली पोचवणं? मदत व पुनर्वसन. आणि ज्या विभागाच्या नावात वातावरणीय बदल आहे, त्या विभागाकडे या कार्यक्रमाची फाईल गेली होती का? जायचं कारणच नव्हतं. कुठल्याही नियमात तसं लिहिलेलं नाही. नाव बदलून जवळपास तीन वर्षं झाली होती.

आणखी एक गोष्ट, जी त्या वेळी फार कोणी बोललं नाही. पर्यावरण व वातावरणीय बदल, नगरविकास, मदत व पुनर्वसन, आपत्ती व्यवस्थापन ही खाती तेव्हा एकाच व्यक्तीकडे, मुख्यमंत्र्यांकडे होती. म्हणजे विभागांमध्ये समन्वय नाही ही नेहमीची सबब निदान वरच्या टोकाला लागू होत नव्हती. मुख्यमंत्री एक, पण टेबलावर येणाऱ्या फायली चार, आणि चार फायलींची एकमेकींशी ओळख नाही. खाती एकत्र दिली म्हणून कार्यासनं एकत्र होत नाहीत. कोणत्याही पक्षाच्या सरकारात हेच झालं असतं असं मला वाटतं, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणा एका मुख्यमंत्र्याचा नाही.

चौकशीसाठी अतिरिक्त मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. आणि काही दिवसांत सरकारने जाहीर केलं की उन्हाळा ओसरेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. महाराष्ट्रात हवामानाच्या कारणावरून सरकारने स्वतःच्याच कार्यक्रमांवर घातलेल्या बंधनाचा हा निर्णय मला त्या सगळ्या वर्षांतला सर्वांत ठोस वाटतो. त्याला प्रारूप लागलं नाही, सल्लागार लागला नाही, लेखाशीर्ष लागलं नाही. घड्याळ पुरलं. आठवडाभर आधी निघाला असता तर?

तीन महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, इरसालवाडी. आमच्या पनवेलकडून पूर्वेला पाहिलं की इरसालगडाचा सुळका दिसतो, त्याच्या कुशीत ठाकर आदिवासींची वाडी, खाली मोरबे धरण, ज्याचं पाणी नवी मुंबई पिते. दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत इरसालवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच सभागृहात सांगितलं. २००५मध्ये दासगाव, जुई. २०२१मध्ये तळिये. प्रत्येक वेळी यादी लांबली, आणि प्रत्येक वेळी दरड यादीबाहेर कोसळली. यादी जुन्या पावसावरून केलेली असते. तीन दिवसांत पाचशे मिलिमीटर पडायला लागल्यावर ती यादी कोणी नव्याने करायची, भूजल यंत्रणेने, महसूलने की वनखात्याने? याचं उत्तर द्यायला एक ठिकाण असावं, म्हणून तर हवामानाची स्वतंत्र यंत्रणा हवी असते.

ती पुढे आली. राज्य वातावरणीय कृती कक्ष. संचालक म्हणून आले अभिजित घोरपडे, आधी पत्रकार, ‘भवताल’ या पर्यावरणविषयक उपक्रमाचे संस्थापक. पत्रकार सरकारात गेला की आमच्या जमातीत दोन गट पडतात, एक म्हणतो बरं झालं, दुसरा म्हणतो आता बघू. मी पहिल्या गटात आहे, कारण पाऊस, नद्या, दुष्काळ यांच्यावर मराठीतून वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस त्या खुर्चीत असणं हे साधं नाही. पण खुर्चीवर कोण, यापेक्षा खुर्चीला पाय किती, हा अण्णांचा प्रश्न. कक्ष शासन निर्णयाने झालेला आहे, कायद्याने नाही. जिल्ह्यांचे आराखडे करणं, महापालिकांना मार्गदर्शन, विभागांना सल्ला ही त्याची कामं. सल्ला देता येतो. फाईल थांबवता येत नाही.

याच राज्यात, याच किनाऱ्यावर, उलटं उदाहरण आहे, आणि ते मला सांगितलंच पाहिजे. जानेवारी २०१२मध्ये महाराष्ट्राने कांदळवन कक्ष स्थापन केला, देशातला पहिला. तोही सुरुवातीला असाच एक कक्ष वाटला होता. पण त्याच्यामागे मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २००५चा आदेश होता: कांदळवन तोडायचं नाही, त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकाम नाही, सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याच्या ताब्यात द्या. म्हणजे कक्षाला तीन गोष्टी मिळाल्या: न्यायालयाचा आदेश, वन कायदा, आणि सातबाऱ्यावर नाव. शिवाय गणवेशातला माणूस, जो डंपर अडवू शकतो. वन सर्वेक्षणात राज्याचं कांदळवन २०१३मध्ये १८६ चौरस किलोमीटर होतं, २०१९मध्ये ३२० झालं. त्यातला काही भाग खाड्या गाळाने भरल्यामुळे आपसूक वाढलेला आहे हे मान्य करूनही, नुसत्या सल्ल्याने एवढं साधलं नसतं.

इथेही गंमत आहेच. सिडकोने नवी मुंबई वसवताना भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून धारण तलाव बांधले होते, झडपांसह. पावसाचं पाणी तिथे साठतं, ओहोटीला झडप उघडून खाडीत जातं. तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवलं. आता गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागतं, आणि कांदळवन तोडायचं तर उच्च न्यायालयाची परवानगी. नवी मुंबईतल्या धारण तलावांच्या फायली यात वर्षानुवर्षं फिरल्या. दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच, दोघांचं म्हणणं खरं, आणि मधे पावसाळा. अशा ठिकाणी निर्णय देणारा कोणी लागतो. मार्गदर्शक सूचना काढणारा नव्हे.

मग कायदा करून आयोगच का नेमू नये? याला महाराष्ट्राचाच एक वेगळा अनुभव उत्तर देऊ शकतो. २००५मध्ये आपण जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने स्थापन केलं, न्यायालयासारखे अधिकार देऊन. कोणत्या खोऱ्यातलं पाणी कोणाला, हे मंत्र्यांनी नाही, प्राधिकरणाने ठरवायचं. तरीही धरणांचं पाणी उद्योगांना देण्याचे निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीत होत राहिले, आणि ते न्यायालयात अडकायला लागल्यावर २०११मध्ये कायद्यातच दुरुस्ती करून आधीच्या वाटपांना संरक्षण दिलं गेलं. म्हणजे कायद्यानेही दात येतात आणि कायद्यानेच ते काढता येतात. ब्रिटनने २००८च्या कायद्याने हवामान समिती नेमली तिची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. ती सरकारचा निर्णय रद्द करू शकत नाही. पण दर वर्षी ती संसदेपुढे अहवाल ठेवते आणि सरकारला त्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की खांदेश्वर गेलं तरी बोलतच राहिले. मंत्रालयात माणूस लेखी उत्तराला सगळ्यात जास्त घाबरतो, हे त्यांचं चाळीस वर्षांचं निरीक्षण.

पनवेलपुरतं पाहायचं तर अशा आयोगापुढचा पहिला दिवसच मोठा जाईल. नगरपालिका इथे १८५२पासून, महापालिका १ ऑक्टोबर २०१६पासून. पण तालुक्यात सिडको आहे, नैना म्हणजे विमानतळाभोवतीचं अधिसूचित क्षेत्र आहे, तळोज्याची एमआयडीसी आहे, जवळच बंदर आहे, आणि आता विमानतळ. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले आणि जगभर फोटो गेले, रंगाच्या कारखान्याचं पाणी कासाडी नदीत जात होतं म्हणून. निळे झाले म्हणून दिसले. ज्या प्रदूषणाला रंग नसतो त्याचा फोटो निघत नाही. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, डोंगर उतरवला, भराव घातला. भरावाचं काम चालू असताना पावसाळ्यात डुंगीसारख्या गावात पाणी शिरलं, तेव्हा ग्रामस्थ कोणाच्या दारात गेले? सिडकोच्या. पर्यावरण मंजुरी दिली दिल्लीने, २०१०मध्ये. पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस त्या मंजुरीत कोणी मोजला?

आणि पाणी. शहराचं स्वतःचं देहरंग धरण, गाळाने भरलेलं, उन्हाळ्यात तळ दाखवतं. म्हणून पाताळगंगेचं पाणी येतं. पाताळगंगेत उन्हाळ्यात पाणी असतं ते खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं, म्हणजे लोणावळ्याकडच्या तलावांत सह्याद्रीवर साठलेला पाऊस. वीजनिर्मिती थांबली की नदी आटते आणि पनवेलच्या नळाला हवा येते. आमचं पिण्याचं पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर आहे, हे पनवेलच्या बहुतेक नागरिकांना ठाऊकच नाही. हवामान कक्षाच्या आराखड्यात हा दुवा कुठल्या प्रकरणात बसेल, पाणी की ऊर्जा?

अण्णांनी निवृत्त झाल्यावर स्वतःच्या समाधानासाठी एक मसुदा लिहून ठेवलाय. कायदा नाही, आयोग नाही. फक्त कार्यनियमावलीतली एक दुरुस्ती. खर्चाचा कुठलाही शासन निर्णय उघडून शेवट पाहा. तिथे एक ठरलेलं वाक्य असतं, सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे. या एका वाक्यामुळे वित्त विभाग मंत्रालयात सगळ्यांत बलवान झाला. त्याचा अभिप्राय घेतल्याशिवाय खर्चाची फाईल मंत्रिमंडळापुढे जातच नाही. अभिप्राय डावलायचा असेल तर का डावलला हे टिपणीत लिहावं लागतं. अण्णांचं म्हणणं, तसंच दुसरं वाक्य घाला. जमीन, पाणी, मोठी गर्दी आणि मोठं बांधकाम या चार प्रकारच्या प्रस्तावांवर हवामान कक्षाचा लेखी अभिप्राय, मुदत पंधरा दिवस. मुदतीत आला नाही तर फाईल पुढे जाईल. आला आणि डावलला तर कारण लिहा, आणि ती सगळी कारणं वर्षातून एकदा विधिमंडळापुढे ठेवा.

मी विचारलं, हे कोणाला पाठवलंत का? ते म्हणाले, एका सचिवांना दाखवलं होतं. त्यांनी वाचलं, आवडलं म्हणाले, आणि विचारलं की पंधरा दिवसांत अभिप्राय द्यायचा तर कक्षाला अभियंते, भूशास्त्रज्ञ, आरोग्यतज्ज्ञ अशी किती माणसं लागतील. अण्णांनी आकडा सांगितला. सचिव म्हणाले, मग प्रस्ताव आधी वित्त विभागाकडे पाठवावा लागेल.